गडग्यापलीकडची

आमच्या वाडीत शिरायला पाखाडी एकच. खाली पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, साकव ओलांडला की चिऱ्याच्या पायऱ्या सुरू होतात आणि बावीस घरांच्या अंगणांवरून वळत वळत वर सड्याला, कातळी माळाला, लागतात. शाळेतून येताना साकवापासून आमच्या बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या फाटकापर्यंत, मला निदान सहा जणी हटकायच्या. "आज उशीर गो?" "एसटी चुकली काय?" "ती कोण होती तुझ्याबरोबर, निळ्या रिबिनीची?" मी घरी पोचेस्तोवर निळी रिबीन आजीपर्यंत पोचलेली असायची. कशी, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पाखाडी एकच, आणि मी तर धावत यायचे.

गाव दापोली तालुक्यातलं, खाडीकाठचं. नाव लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यातली माणसं अजून तिथे आहेत, आणि मला दर गणपतीला तिथेच जायचं असतं.

हे सगळं वर आलं ते लेकीमुळे. ती पंधरा वर्षांची आहे. आम्ही रत्नागिरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. समोरच्या फ्लॅटमध्ये तिच्याच वयाचा मुलगा आहे हे तिला दोन वर्षांनी कळलं, तेही तिचं पार्सल चुकून त्यांच्याकडे गेलं म्हणून. तिच्या मैत्रिणी मात्र कुठे कुठे पसरलेल्या. एक चिपळूणची, एक साताऱ्याची, एक कुठली ते तिलाही धड ठाऊक नाही. दोघी एकाच कोरियन बँडवर जीव टाकतात, तेवढं पुरतं. एकदा भाजी निवडता निवडता मी विचारलं, "एवढ्या लांबलांबच्या मैत्रिणी तुला मिळाल्या कशा?"

"मिळाल्या म्हणजे? मी केल्या."

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. आम्ही मैत्रिणी केल्या नव्हत्या. त्या होत्या. विहीर होती, पऱ्या होता, मागल्या दारी शेवगा होता, तशा त्या होत्या. कोणाच्या गडग्याला, कुंपणाच्या दगडी भिंतीला, कोणाचा गडगा लागून आहे, यावर कोण कोणाची जिवाभावाची ते ठरायचं. कोणाशी जमणार नाही, तेही आमच्या जन्माआधीच ठरलेलं असायचं.

आमच्याकडे पोरांना पहिला प्रश्न नावाचा नसतो. "कुनाची गो तू?" असा असतो. आपण बापाचं नाव सांगायचं, ते पुरलं नाही तर आजोबांचं, आणि मग समोरची म्हातारी डोळे बारीक करून अख्खी वही उलगडते. कोणाच्या आजोबांनी तिच्या आईला बाळंतपणाला डोलीतून दापोलीला नेलं होतं. कोणाच्या चुलत्याने रातोरात बांध वीतभर सरकवला होता. तिच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते आपलं. चौदाव्या वर्षी मला पक्कं माहीत होतं की वरच्या आळीतल्या एका घरातल्या मुलांशी बोलायचं नाही, कारण त्यांच्या पणजोबांनी आणि आमच्या पणजोबांनी एका फणसावरून कोर्टकचेऱ्या केल्या होत्या. फणस केव्हाच वठून, तोडून, जळून गेला होता. अबोला चांगला हिरवागार होता.

त्या वाडीत बाप्ये फार नव्हतेच. मुंबईला असायचे, मे महिन्यात, गणपतीला आणि शिमग्याला यायचे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बाया निघाल्या, आणि दहा वर्षांत जिल्ह्याची माणसं वाढायची सोडून घटली होती. वर्तमानपत्रात हे आकडे आले तेव्हा लोकांना नवल वाटलं. आम्हाला नाही वाटलं. आम्ही बायांच्याच राज्यात वाढलो. भाकरी कुठल्याही चुलीवरची खावी आणि धपाटा कुठल्याही काकूचा खावा, दोन्हीला परवानगी लागत नसे. लावणीला सगळ्या जणी एकमेकींच्या शेतात उतरायच्या, मागून आम्ही पोरी रोपांचे मूठ घेऊन. कोणाची पाळी सुरू झाली, कोणाचं गणित कच्चं आहे, कोणाला खालच्या वाडीतला मुलगा चिठ्ठी देतो, सगळं त्या चिखलात ऐकायला मिळायचं. पोरांना क्रिकेटला सडा मोकळा होता. जाखडी होती, भजनीमंडळ होतं, पालखी नाचवायला खांदे लागत. त्यांची दोस्ती वाडीच्या शिवेपलीकडेही जायची, निदान दुसऱ्या वाडीशी मॅचमध्ये भांडण्यापुरती तरी. आमची शीव साकवाशी संपायची.

आमच्या घरी मात्र बाप होता. बाबा लालबागला एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांची. ते संपात शेवटपर्यंत राहिले, गिरणी काही त्यांची राहिली नाही, आणि मग ते गावी येऊन पडवीत दुकान टाकून बसले. साखर, चहापावडर, रॉकेल, बिड्या, टाचण्या. संपाच्या गोष्टी सांगताना त्यांचा आवाज वेगळाच लागायचा. मला वाटायचं, माझे बाबा कोणाला भीत नाहीत.

आठवीपासून हायस्कूल. तिथे जायला सकाळची एकच एसटी, अकरा किलोमीटर. गाडीत आम्ही वाडीवाडीने बसायचो, न सांगता. पुढे आमची वाडी, मधे कोळवाड्याच्या मुली, मागे मोहल्ल्यातल्या, आणि बौद्धवाडीचा थांबा शेवटचा म्हणून ती मुलं उभी. वर्गात मात्र बाईंनी उंचीप्रमाणे बसवलं. त्या एका उंचीने जे केलं ते मला वाटतं गावात कोणालाच करता आलं नसतं. माझ्या बाकावर कोळवाड्यातली एक मुलगी आली. बांगड्याचा ताजेपणा गलफडं उचलून कसा बघायचा ते तिने मला पट्टीवर चित्र काढून शिकवलं. पावसात होड्या ओढून ठेवल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत घरात हात कसा आखडतो, आणि म्हणून ती श्रावणातल्या सहलीला कधी येत नाही, हेही मला त्याच बाकावर समजलं. मोहल्ल्यातल्या दोघी ईदला डबा भरून शीरखुर्मा आणायच्या. आम्ही तो शाळेतच संपवायचो. घरी नेला नाही, घरी सांगितलाही नाही. पाच वाजता घंटा झाली की आम्ही पुन्हा गाडीत आपापल्या जागी.

एक गोष्ट आज लिहिताना कान गरम होतात. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात. शाळेतल्या जयंतीला भाषण मी केलं, मला बक्षीस मिळालं. चवदार तळ्याचा भाग तर मुलं अगदी शांत बसून ऐकत होती. ते भाषण लिहायला मला बौद्धवाडीतल्या एका मैत्रिणीने मदत केली होती. तिच्या काकांकडे पुस्तकं होती. तिला घरी बोलवावं, आमच्या विहिरीचं पाणी द्यावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कोणी नको म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. घर जे शिकवतं त्यातलं निम्मं न बोलता शिकवतं, आणि ते निम्मंच पक्कं बसतं.

आता गडग्यापलीकडचीकडे येते. इतका वेळ टाळत होते.

आमचं आणि तिचं घर यांच्यामध्ये कमरेएवढा चिऱ्याचा गडगा. त्यावर बसून आम्ही काजूच्या बिया मोजल्या, रातांबे फोडले, एकमेकींच्या उवा काढल्या. तिचे हात डिंकाने काळे व्हायचे आणि ती ते माझ्या परकराला पुसायची. तिच्याशी माझं जमतं का, असा प्रश्नच कधी आला नाही. दोघींचं वय एक, शेवगा आमचा पण निम्म्या शेंगा त्यांच्या खळ्यात पडणाऱ्या.

नववीतल्या शिमग्यानंतर तिच्या बाबांनी देवळाच्या दुरुस्तीच्या पैशांचा हिशोब मागितला. भर सभेत, आणि जरा चढ्या आवाजात. त्या आवाजाचंच सगळं झालं असं आजी म्हणायची. रात्री गावकी, म्हणजे गावातल्या मानकऱ्यांची बैठक, बसली. सकाळी घर वाळीत.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, वाळीत म्हणजे आरडाओरडा, दगडफेक असलं काही असेल. तसं काही नसतं. फार शांत असतं. पाखाडीवरून ती माणसं जातात आणि हटकणाऱ्या सहाच्या सहा जणी तांदूळ निवडत राहतात. लावणीला कोणी येत नाही. गिरणीत दळण "उद्या बघू" होतं. पालखी त्या बेड्यावरून न थांबता पुढे जाते. आणि दुकानात माल मिळत नाही. वाडीत दुकान एकच होतं, आमचं.

तिचा धाकटा भाऊ पावशेर साखर मागायला आला. बाबा हिशोबाच्या वहीत बघत म्हणाले, "संपली." साखरेचं पोतं त्यांच्या मागे उभं होतं, तोंड उघडं, त्यात माप खोचलेलं. पोराने पोत्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि गेला. महिनोन्महिने पगाराविना संपात उभा राहिलेला माणूस गावकीपुढे दीड दिवसात बसला. मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. आता मला कळतं की अर्ध्या वाडीची उधारी त्या वहीत होती आणि गावकीने ती बुडवायची ठरवली असती तर आम्हीही उठलो असतो. कळतं. पण ते उघडं पोतं काही जात नाही.

बाबांवर मी रागावले, पण सोमवारी सकाळी मी काय केलं? ती आमच्याच थांब्यावर गाडीत चढली. माझ्या शेजारची जागा तिची, आठवीपासूनची. ती दोन पावलं आली आणि मी मांडीवरचं दप्तर उचलून त्या जागेवर ठेवलं. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं, अगदी आजीनेही नाही. ती दांडा धरून उभी राहिली. अकरा किलोमीटर, तीन घाट्या. बौद्धवाडीच्या थांब्यावर गर्दी झाली तेव्हा ती मागे सरकली आणि मला दिसेनाशी झाली, तर मला बरं वाटलं. शाळेत कोळवाड्यातल्या माझ्या बाकमैत्रिणीने विचारलं, "तुमचं भांडण काय?" मी म्हटलं, "भांडण नाही." तिला ते कळेना. भांडणाशिवाय असं कोण करतं?

आजीचं मात्र निराळं. एरवी सोवळ्याओवळ्याची, कोण कुठून पाणी प्याला याचा हिशोब ठेवणारी बाई. त्या शेवग्याच्या हंगामात ती रोज संध्याकाळी शेंगांची जुडी केळीच्या सोपाने बांधून गडग्यावर ठेवायची आणि पाठ फिरवून आत यायची. सकाळी जुडी नसायची. एकदा काकूने टोकलं, "आत्या, गावकीला कळलं तर?" आजी म्हणाली, "बोलायचं नाही म्हणाले. ठेवायचं नाही असं कोण बोललं?"

मीही काही ठेवू शकले असते. बोरं, वहीचं पान, चिठ्ठी. गडगा माझाही होता.

त्या घराला परत घेतलं तीन वर्षांनी. दंड भरून, देवापुढे नारळ ठेवून, एका शिमग्याला. तोवर मी दहावी होऊन काकांकडे परळला शिकायला गेले होते. तिथे तरी काय, चाळीत खालच्या मजल्यावर गाववाल्यांची खोली होतीच. बारा-पंधरा पोरं एका खोलीत, पाळीपाळीने झोपणारी, नोकरी लागेपर्यंत एकमेकांना जगवणारी. आमच्या वाडीतलं कुठलंही पोर मुंबईत उपाशी झोपलं नाही ते त्या खोलीमुळे. तिच्या थोरल्या भावाला मात्र त्या तीन वर्षांत तिथे वळकटी टाकू दिली नाही. खेडपर्यंत यायचं आणि रेल्वेने मुंबई गाठायची सोय तेव्हा जेमतेम होत होती, पण ज्या दारात उतरायचं ते दारच बंद. तो कुठे राहिला, कसा राहिला, मी कधी विचारलं नाही.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा २०१६ मध्ये केला आणि तो २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. चांगला कायदा आहे. आता वाडीत कोणी 'वाळीत' हा शब्द उच्चारत नाही. गेल्या वर्षी सभामंडपाच्या खर्चाबद्दल एकाने वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, तर त्याला ग्रुपमधून काढलं. ॲडमिन मुंबईकडे, दिवा स्टेशनजवळ राहतो. पूर्वी सगळ्यांना रात्रभर बसून, बिड्या ओढून ठरवावं लागायचं, आता लोकलमध्ये उभ्याउभ्या अंगठ्याने होतं.

तरीही लेकीचं ते 'मी केल्या' ऐकून मला नुसता हेवा वाटत नाही. गेल्या वर्षी तिच्या वर्गातल्या मुलींनी तिला वगळून दुसरा ग्रुप केला. ती आठ दिवस जेवणावरून उठत होती आणि मी तिला जंताचं औषध दिलं! मला पत्ता नव्हता. समोरच्या फ्लॅटला नव्हता, वॉचमनला नव्हता. आमच्या पाखाडीवर असती तर पहिल्याच संध्याकाळी सहा जणींना कळलं असतं की पोरीचा चेहरा उतरलाय, आणि सातवी उठून घरी सांगायला गेली असती. त्याच सहा जणींनी तिच्या निळ्या रिबिनीचंही सांगितलं असतं, ते वेगळं. डोळे तेच. रिबीन बघणारे वेगळे आणि चेहरा बघणारे वेगळे, असे कुठून आणणार?

कधी कधी जागाच नवी लागते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या बागेतल्या सुपाऱ्या ओळीने आडव्या झाल्या, विजेचे खांब शेतात पडले, कित्येक दिवस वीज नाही आणि फोनला रेंज नाही. पुतण्या तेव्हा सोळाचा, टाळेबंदीमुळे गावीच अडकलेला. त्याला शोध लागला की सड्यावर, जुन्या आंब्यापलीकडे एका कातळावर उभं राहिलं की रेंजची एक काडी येते. मग तो रोज तिथे. आठ दिवसांनी मी गेले तर कातळावर पंधरा-वीस पोरं. वरच्या आळीतली, खालच्या वाडीतली, मोहल्ल्यातली, बौद्धवाडीतली, मुली धरून. एकाने गाडीच्या बॅटरीवर फोन चार्ज करायची सोय केली होती. पुढे शाळा ऑनलाइन झाली तेव्हाही तीच जागा, पावसात वर ताडपत्री. वीस पोरांना एका काडीने एकत्र बसवलं, आमच्या बाईंनी उंचीने बसवलं होतं तसं. फणसाच्या कोर्टवाल्या घरातल्या मुलाशी पुतण्याची तिथली दोस्ती अजून आहे. आता घरात रेंज येते. कातळावर परत शेणी वाळत घालतात.

गेल्या गणपतीत लेक वाडीतल्या पोरांबरोबर घरोघर आरत्यांना हिंडत होती. रात्री अकराला घसा बसवून यायची. गौरीला गडग्यापलीकडची माहेरी आली होती, नालासोपाऱ्याला असते. मागल्या दारी मी तांब्या विसळत होते आणि ती त्यांच्या खळ्यात कपडे वाळत घालत होती. केस पांढरे झालेत, पण दोरीवर कपडा झटकायची ढब तीच.

"कधी आलीस?"

"काल. तू?"

"परवा."

"बरी?"

"बरी."

मध्ये गडगा. शेवगा गेल्या वादळात मोडला, त्याचा बुंधा फुटून नवी फांदी आली आहे, तिच्याकडे दोघींनी जरा वेळ पाहिलं.

रत्नागिरीला परत आल्यावर लेक फोन दाखवायला आली. कातळावर काढलेला फोटो, ती आणि आणखी एक मुलगी, दोघींच्या केसांत तेरडा. "ही नालासोपाऱ्याची. मस्त आहे. आम्ही रोज बोलतो." आणि मग जाता जाता, "तिची आई तुला ओळखते म्हणे. शाळेपासून."

"काय म्हणाली?"

"काही नाही. म्हणाली, आम्ही एका एसटीने जायचो."

"आणखी?"

"एवढंच. तुला नंबर हवाय का तिचा?"

नंबर मी घेतला. सेव्ह करताना आडनाव माहेरचं लिहिलं, सासरचं मला ठाऊक नव्हतं.